नागपूर: मानसिक आजाराच्या संकटात फोनवर मिळणारी मदत सुधारायची आहे. मागायचं नेमकं काय, आणि कुणाकडे?

सोबत_गट

नमस्कार मंडळी. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य असलेल्यांच्या घरच्या लोकांचा नागपुरात एक छोटा गट आहे. हिवाळी अधिवेशनाच्या आधी एक मोहीम उभी करायचं घाटतंय. संकटाच्या वेळी फोनवर मिळणारी मदत नीट व्हावी, एवढाच विषय. निवेदनाच्या कच्च्या मसुद्यात तीन मागण्या आहेत: नागपूरसाठी वेगळा हेल्पलाइन नंबर, त्याची गावोगाव जाहिरात, आणि प्रत्येक कॉलवर मानसोपचारतज्ज्ञ.

मसुदा वाचल्यावर गटातच वाद सुरू झाला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, पोलीस-आणीबाणीचा ११२ आहे, रुग्णवाहिकेचा १०८ आहे, आरोग्य सल्ल्याचा १०४ पण आहे. मग पाचवा नंबर कशाला? दुसरीकडे, रात्री दोन वाजता माणूस दार तोडायला निघालाय आणि औषध दहा दिवसांपासून बंद आहे, अशा वेळी यातला कोणता लावायचा यावर घरातल्या चौघांची चार मतं असतात.

तर विचारायचं असं: मागण्या कशा लिहाव्यात म्हणजे "सुविधा आधीच उपलब्ध आहे" म्हणून फाइल बंद होणार नाही? आकडे कुठून मिळतील? आणि कोणत्या टेबलावर कोणता कागद द्यायचा? कुणाचा अनुभव ऐकण्यापेक्षा कामाचा तपशील हवाय.

पाळीप्रमुख

तिन्ही मागण्या बदला. वेगळा नंबर मागितलात तर उत्तर ठरलेलं आहे: १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, २० भाषांत आहे, विषय संपला. आणि ते उत्तर खोटंही नसेल. तुमची अडचण नंबर नसण्याची नाही. घंटा वाजल्यापासून माणूस बोलेपर्यंत काय होतं आणि फोन ठेवल्यावर पुढे काय होतं, मोहीम या दोन जागांवर ठेवा.

पहिली जागा. संसदेतल्या उत्तरांत आणि सरकारी पत्रकांत टेली-मानसने किती कॉल हाताळले याचा एकूण आकडा येतो, राज्यवारही येतो. हाताळलेले म्हणजे उचललेले. जो कॉल उचलायच्या आधीच तुटला तो या आकड्यात कुठेच नसतो. त्यामुळे लाखांचा आकडा वाचून सेवा चांगली की वाईट, काहीच कळत नाही. मागायचे आकडे असे: आलेले कॉल, उचललेले कॉल, उचलण्याआधी तुटलेले कॉल, ९० सेकंदांच्या आत उचललेल्यांचं प्रमाण, आणि हे सगळं रात्री १० ते सकाळी ६ साठी वेगळं. रात्रीचे आकडे दिवसाच्या सरासरीत बुडतात, म्हणून 'वेगळं' हा शब्द गाळू नका. आणखी एक चलाखी कॉल सेंटरच्या धंद्यात जुनी आहे: भाषा निवडायच्या मेनूतच ज्याने फोन ठेवला त्याला 'आलेला कॉल' धरतच नाहीत. म्हणून मेनूत तुटलेले कॉलही मागा.

९० सेकंद का? कारण तो निकष आपल्याकडे आधीच आहे. मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकसेवेसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचं मोजमाप आहे की ऑपरेटरकडे गेलेले ९५ टक्के कॉल ९० सेकंदांत उचलले जावेत. रिचार्जच्या तक्रारीला जे लागू होतं, ते जिवाच्या प्रश्नाला का नाही, हे कुणालाही विचारता येतं. बाहेरचा दाखला हवा असेल तर अमेरिकेचा संकटकाळच्या मदतीचा नंबर ९८८ घ्या. तो जुलै २०२२ मध्ये सुरू झाला आणि तिथे किती संपर्क आले, किती उचलले, सरासरी किती सेकंदांत उचलले हे महिनावार जाहीर होतं.

आता माणसांचं गणित, कारण इथेच निवेदनं भोंगळ होतात. "पुरेसे समुपदेशक नेमा" असं लिहू नका, आकडा लिहा. उदाहरण म्हणून धरा, रात्री तासाला ६ कॉल येतात. बोलणं १५ मिनिटं, नोंद लिहिणं ५ मिनिटं, म्हणजे कॉलमागे २० मिनिटं. तासाला १२० मिनिटांचं काम झालं. कागदावर दोन माणसांत भागतं. पण कॉल दर दहा मिनिटांनी शिस्तीत येत नाहीत, तिघे एकदम येतात आणि मग अर्धा तास शुकशुकाट. दोन माणसं बसवली तर रांग वाढतच जाते. तीन बसवली तर साधारण ४४ टक्के कॉलरना थांबावं लागतं आणि थांबणाऱ्याचा नंबर लागायला सरासरी २० मिनिटं लागतात. चार असतील तर १७ टक्के थांबतात, सरासरी १० मिनिटं. पाच असतील तर ६ टक्के, साधारण ७ मिनिटं. रांगेचा हा हिशोब ज्या सूत्राने करतात त्याला एर्लांग सी म्हणतात. कॉल सेंटरची पाळी लावणारा कुणीही हे चुटकीसरशी काढून देईल. या सूत्रात कुणी वैतागून फोन ठेवत नाही असं गृहीत असतं. प्रत्यक्षात २० मिनिटं कोण थांबतो? तोच आकडा मग 'तुटलेले कॉल' म्हणून दिसतो, किंवा दिसतच नाही.

एक खुर्ची चोवीस तास भरायची म्हणजे आठवड्याला १६८ तास. ४८ तासांचा आठवडा धरला तर साडेतीन माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर साडेचार ते पाच. म्हणजे पाच खुर्च्या दिवसरात्र चालवायला बावीस ते पंचवीस माणसं. मंजूर पदं, भरलेली पदं आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष बसणारी माणसं हे तीन वेगळे आकडे असतात, तिन्ही मागा. पैसे वाचवायचे म्हणून "एका कॉलला दहा मिनिटं" असली मर्यादा आली तर तिला कडाडून विरोध करा. जीव द्यायच्या टोकावरचा माणूस पहिली सात-आठ मिनिटं दुसरंच काहीतरी बोलतो.

प्रत्येक कॉलवर मानसोपचारतज्ज्ञ ही मागणी काढून टाका. टेली-मानसची रचनाच दोन पायऱ्यांची आहे: फोनवर प्रशिक्षित समुपदेशक, त्याच्या मागे तज्ज्ञ, आणि दुसरी पायरी म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तपासणी. चांगला समुपदेशक बहुतेक कॉल सांभाळतो. तज्ज्ञ किती मिनिटांत लाइनवर येतो, तेवढं विचारा.

फुटाळा_काठ

वेगळ्या नंबरची मागणी इतकी वाईट नाही बरं का. काटोल-नरखेडकडचा शेतकरी जसं बोलतो ते पुण्या-मुंबईच्या समुपदेशकाला पटकन उमगत नाही. सीमेवरची कितीतरी माणसं मध्य प्रदेश, छत्तीसगडचं सिम वापरतात, ती वेगळीच. स्थानिक लाइन असली की हे प्रश्नच राहत नाहीत.

पाळीप्रमुख

अडचण खरी आहे, उपाय चुकीचा. पाच खुर्च्यांचे दोन वेगळे कक्ष केले तर दोन्हीकडे रांग लागते. तेच दहा जण एका रांगेवर बसले तर थांबणं बरंच कमी होतं. लहान स्थानिक लाइन पहिल्या वर्षी जोरात चालते, मग एक जण नोकरी सोडतो आणि रात्रपाळी गळते. त्यापेक्षा राज्याच्या कक्षांत विदर्भातली माणसं घ्या आणि नागपूर विभागाचे कॉल आधी त्यांच्याकडे वळवा, असं लिहा. सॉफ्टवेअरमध्ये याला कौशल्यानुसार वाटणी म्हणतात, नवीन यंत्र लागत नाही.

सिमचा मुद्दा चांगला काढलात. टेली-मानसचा कॉल त्या त्या राज्याच्या कक्षाकडे वळवला जातो. परराज्याच्या सिमवरून नागपुरात बसून लावलेला कॉल कुठे जातो, आणि तो कक्ष नागपूरच्या रुग्णालयाचा पत्ता देऊ शकतो का, हे लेखी विचारा. सोबत दुसरी गोष्ट: रिचार्ज संपून आउटगोइंग बंद झालेल्या सिमवरून १४४१६ लागतो का, हे चारही कंपन्यांच्या सिमवर तपासा. महिन्याच्या शेवटी हा प्रश्न फार मोठा असतो.

अर्जदार

आकड्यांसाठी माहितीचा अधिकार, पण जपून. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. पानभर व्यथा लिहिलीत तर तेवढ्यावरून परत येईल. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'का' विचारणं. "रात्री फोन का उचलत नाही?" हे माहिती अधिकारात बसत नाही, कारण कार्यालयाकडे जे कागदावर आहे तेवढंच मिळतं. दुसरी चूक म्हणजे तयार नसलेली आकडेवारी मागणं. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि तीस दिवस गेले. म्हणून अहवालाची प्रत मागा. असा कच्चा मसुदा घ्या:

"विषय: टेली-मानस १४४१६, महाराष्ट्रातील कक्ष. कालावधी: मागील १२ महिने. (१) प्रत्येक कक्षाने वरिष्ठ कार्यालयास पाठवलेल्या मासिक अहवालांच्या प्रती. (२) आलेले, उचललेले व उचलण्यापूर्वी तुटलेले कॉल दाखवणाऱ्या संगणकीय अहवालाच्या प्रती, रात्री १० ते सकाळी ६ चा अहवाल स्वतंत्र असल्यास तोही. (३) समुपदेशकांची मंजूर व भरलेली पदे, आणि शेवटच्या महिन्याचा पाळीतक्ता, नावे वगळून. (४) आत्महत्येचा धोका असलेल्या कॉलसाठीच्या लेखी कार्यपद्धतीची प्रत. (५) कॉल ११२ अथवा १०८ कडे सोपवण्याबाबतचे पत्र, परिपत्रक वा करार. (६) वरील अभिलेख पाहण्याची परवानगी."

सहावा मुद्दा विसरू नका. अभिलेख पाहणी हा माहिती अधिकाराचाच भाग आहे, आणि ज्या गोष्टी प्रतीत येत नाहीत त्या टेबलावर बसून फाइल चाळताना दिसतात. कॉलरचं नाव, नंबर, गाव यातलं काहीही मागू नका. एक तर मिळणार नाही, आणि मिळालं तर त्याहून वाईट.

कुणाकडे द्यायचा, इथे लोक गोंधळतात. प्रादेशिक मनोरुग्णालय आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. १०८ आरोग्य विभागाचं, ११२ गृह विभागाचं. मिहानमधलं एम्स केंद्राचं. टेली-मानसची राष्ट्रीय पातळीवरची जबाबदारी बंगळुरूच्या निम्हान्स या केंद्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे, त्याचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर. म्हणजे एकाच रात्रीच्या एका संकटाला चार खाती लागतात आणि प्रत्येकाचा जनमाहिती अधिकारी वेगळा. चुकीच्या टेबलावर गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका. चार छोटे अर्ज करा.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग. त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे. आयोगाच्या तारखेची वाट बघत अधिवेशन हातचं घालवू नका. "अमुक तारखेला अर्ज केला, आकडे मिळाले नाहीत" हीसुद्धा निवेदनात लिहायची माहितीच आहे.

वॉर्ड_ते_घर

वरच्या चर्चेत सगळं वजन आत्महत्येच्या कॉलवर गेलंय. मूळ प्रश्नातला माणूस बघा: औषध बंद, झोप नाही, संशय, दार तोडतोय. फोन तो स्वतः करत नाही, आई किंवा बहीण करते. हा काळजीवाहकाचा कॉल झाला आणि त्याची प्रश्नावली वेगळी लागते. औषधाचं नाव आणि मात्रा, किती दिवस बंद, किती रात्री झोप नाही, शेवटचं खाल्लं कधी, दारू किंवा गांजा, घरात कोयता, विळा, फवारणीचं औषध कुठे आहे, लहान मुलं कोणत्या खोलीत, ताप किंवा डोक्याला मार आहे का. शेवटचं महत्त्वाचं, कारण अचानक बरळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बऱ्याचदा मेंदूचा ताप, साखर कमी होणं, सोडियम घसरणं असलं काही निघतं. त्याला आधी जनरल कॅज्युअल्टीत न्यायला हवं, मनोरुग्णालयात नव्हे. काळजीवाहकाच्या कॉलसाठी वेगळी लेखी प्रश्नावली आहे का, ही मागणी ठेवा. "रुग्णाला फोन द्या, त्यांच्याशीच बोलतो" यावर अडून बसणारी सेवा या घरांच्या कामाची नाही.

पाळीप्रमुखांनी सांगितलेली दुसरी जागा, फोन ठेवल्यावर पुढे काय, म्हणजे सोपवणं. "११२ ला लावा" असं सांगून फोन ठेवणं हे सोपवणं झालं नाही. समुपदेशकाने स्वतः ११२ किंवा १०८ लाइनवर घ्यायचं, तिघांचं बोलणं एकत्र करायचं, पत्ता आणि धोका एकदाच सांगायचा, आणि समोरच्याने "घेतलं" म्हटल्यावरच बाजूला व्हायचं. हे नसलं की आईला तीच गोष्ट तीन ठिकाणी पहिल्यापासून सांगावी लागते, आणि तिसऱ्या वेळी ती "जाऊ द्या, सकाळी बघू" म्हणते. ११२ ची राज्यात दोन संपर्क केंद्रं आहेत, नवी मुंबईत आणि नागपुरात. नागपूर केंद्राशी ही जोडणी आधी करून बघा, असं म्हणायला जागा आहे.

रुग्णालयाच्या टोकाला काय तुटतं? रात्री लँडलाइन वाजत राहते, किंवा उचलणारा म्हणतो "ओपीडी सकाळी". यावर साधा उपाय मागा: मानसोपचार विभागात एक पाळीचा मोबाइल. तो माणसाचा नसतो, पाळीचा असतो. सकाळी आठला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि वहीत सही होते. हा नंबर जनतेला द्यायचा नाही, फक्त १४४१६, ११२, १०८ कडे राहील. नाहीतर आठ दिवसांत तोही बंद पडतो.

आणि परत फोन. संकटाच्या कॉलनंतर २४ तासांत एक, आठवड्याने एक. याला भक्कम आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी केलेल्या अभ्यासात (२००८ मध्ये प्रसिद्ध) आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना जोडीला तासाभराचं समुपदेशन आणि १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. आत्महत्येने मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. ते नऊ संपर्क करायला डॉक्टर लागत नाही. लागतो तो कॉल करणारा एक माणूस आणि "उद्या कुणाला करायचाय" हे दाखवणारी यादी. कॉलरची परवानगी मात्र पहिल्याच कॉलवर घ्यायची: कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. हे विचारलं नाही तर "कोणाचा फोन होता?" यावरून घरात नवीनच रामायण सुरू होतं.

कलम_अठरा

कायद्याचे मुद्दे निवेदनात कसे घालायचे तेवढं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून.

कलम १८ शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क देतं. त्यातल्या सेवांच्या यादीत टेलिफोन सेवा वेगळी लिहिलेली नाही, पण रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आहेत. काळजीवाहकाच्या कॉलची मागणी तिथे जोडा. कलम २९ सरकारवर आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्याचे कार्यक्रम आखण्याचं आणि राबवण्याचं कर्तव्य टाकतं. कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला नाही, आणि तिची काळजी घेणं सरकारचं काम. कलम १०० पोलिसांसाठी: ताब्यात घेतलेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर आणीबाणीचा उपचार सुरू करू शकतो, कमाल ७२ तास. म्हणजे "मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, सकाळी या" हे कॅज्युअल्टीचं उत्तर कायद्याला धरून नाही.

कलम २८ वापरू नका. तक्रारीचं कलम असलं तरी ते मानसिक आरोग्य आस्थापनेतल्या सेवेबद्दल आहे, आणि कायद्यातली आस्थापनेची व्याख्या रुग्णांना दाखल करून ठेवण्याभोवती बांधलेली आहे. हेल्पलाइनवर ते ओढून बसवायला गेलात तर उत्तर देणाऱ्याला पळवाट मिळते.

उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ हाकेच्या अंतरावर आहे म्हणून लगेच जनहित याचिका, असं करू नका. माहिती अधिकाराची उत्तरं, दिलेली निवेदनं आणि त्यांच्या पोचपावत्या नसताना गेलात तर "आधी संबंधित विभागाकडे जा" एवढंच ऐकायला मिळेल.

झिरो_माइल

राजेहो, कागद तयार झाला की तो फिरवायचा कसा, ते ऐका.

अधिवेशनाचा काळ म्हणजे टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, यशवंत स्टेडियम सगळीकडे मोर्चेच मोर्चे. त्यात पन्नास जणांचा तुमचा मोर्चा कुणाला दिसणार? रुग्णांना उन्हात उभं करू नका, औषधांमुळे चक्कर येते, पाणी जास्त लागतं, बायपोलरचं लिथियम सुरू असलेल्याला घाम फार गेला तर धोका असतो. त्यापेक्षा शिष्टमंडळ न्या, पाच माणसांचं.

तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, अधिवेशन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, म्हणून आमदाराकडे दिवाळीच्या आसपासच जा. अधिवेशन सुरू झाल्यावर हातात उरते ती नियम १०५ खालची लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा. लक्षवेधी लागली तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते छापील कामकाजात राहतं, पुढच्या वर्षी तोच कागद पुढे करता येतो. आमदाराच्या पीएला दहा पानं देऊ नका. एक पान, त्यावर प्रश्न तयार शब्दांत लिहिलेला: "टेली-मानसच्या राज्यातील कक्षांत गेल्या सहा महिन्यांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत किती कॉल आले, किती उचलले गेले, व समुपदेशकांची किती पदे रिक्त आहेत?" पीए ते जसंच्या तसं उतरवतो. एकाच पक्षाच्या आमदाराकडे जाऊ नका, दोन्ही बाकांवरचा एकेक धरा.

अधिवेशनाबाहेर दोन दारं. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यायचा. तिथे राज्याच्या हेल्पलाइनचं बोललात तर "आमच्या अखत्यारीत नाही" येईल, म्हणून फक्त जिल्ह्याचं मागा: पाळीचा मोबाइल, आणि आरोग्य, पोलीस, १०८ यांची एकत्र बैठक. त्या बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या, तोंडी "करून देऊ" ला भाव नाही. दुसरं दार जिल्हा नियोजन समिती, पालकमंत्री अध्यक्ष. तिथून एकदाचा खर्च मागा: हेडसेट, कॉल जोडणीचं यंत्र, प्रशिक्षण. पगार राज्याच्या अर्थसंकल्पातूनच यायला हवेत, नाहीतर वर्षभरात खुर्च्या रिकाम्या.

वर्तमानपत्रात देताना रुग्णाचा फोटो नाही, आत्महत्येची पद्धत नाही, आणि बातमीच्या खाली १४४१६ असलाच पाहिजे ही अट आधी घाला.

सोबत_गट

सगळ्यांचे आभार, मसुदा पार बदलतोय. एकच विचारायचं: गटातली पोरं म्हणतात, आपणच रोज रात्री १४४१६ ला लावून किती वेळात उचलतात याची नोंद करू. करावं का?

पाळीप्रमुख

खोटं संकट सांगून कधीही नाही. समुपदेशक अर्धा तास तुमच्याशी बोलतो आणि तेवढा वेळ खऱ्या माणसाची रांग वाढते. हे उघड झालं की मोहीमही संपली.

दोन सरळ मार्ग आहेत. एक, ज्यांनी खरोखर फोन केला त्यांनी नंतर, बरं वाटल्यावर, चार ओळींचा फॉर्म भरायचा: तारीख, वेळ, कोणत्या कंपनीचं आणि कुठल्या राज्याचं सिम, माणूस बोलेपर्यंत अंदाजे किती मिनिटं, कोणती भाषा मिळाली, पुढे कुठे पाठवलं, परत फोन आला का. तारीख-वेळ आठवणीतून लिहू नका, मोबाइलच्या कॉल लॉगमध्ये ती असते. नाव नको, आजाराचं नावही नको.

दोन, चाचणी कॉल करायचाच तर कमी करा, वेगवेगळ्या वेळी, आणि उचलल्याबरोबर खरं सांगा: "संकट नाही, माहिती हवी आहे. नागपुरात रात्री दाखल करायचं झालं तर कुठे जायचं?" उत्तर ऐका, धन्यवाद म्हणा, ठेवा. दोन मिनिटांच्या वर नाही. यातून किती सेकंदांत उचललं हे कळतं आणि दिलेला पत्ता बरोबर आहे का हेही कळतं, ते जास्त उपयोगाचं. कॉल रेकॉर्ड करून समाजमाध्यमांवर टाकू नका. पलीकडे रात्रपाळीला बसलेला कंत्राटी समुपदेशक आहे, धोरण ठरवणारा नाही.

वॉर्ड_ते_घर

फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: फोन रुग्णाने केला की घरच्यांनी. आणि फॉर्म गोळा करणाऱ्याच्या हातात लिहून द्या की भरताना कुणी "आत्ताही तसंच वाटतंय" म्हटलं तर फॉर्म बाजूला ठेवायचा, त्याला एकटं सोडायचं नाही, तिथूनच १४४१६ लावून द्यायचा, आणि हातात काही घातक असेल किंवा जिवाला लगेच धोका असेल तर ११२. हा कागद फॉर्मच्या आधी छापा.

सोबत_गट

छापतो. चार अर्ज सोमवारी टाकतोय, आरोग्य विभागाचा आधी. उत्तरं आली की आकडे इथेच टाकीन.